जयवंताच्या पिशवीतला कागद

१

पिशवी साड्यांच्या दुकानाची होती. तिच्यावर छापलेली नवरी अजून तशीच हसत होती आणि आत जयवंताचं सगळं आजारपण घडी घालून ठेवलेलं होतं.

डॉक्टर उत्कर्षानं पिशवी टेबलावर उपडी केली. रक्ताचे तीन कागद, हृदयाची लांबलचक पट्टी, सलाइनच्या चिठ्ठ्या, इंदापूरच्या दवाखान्याचा जाड केसपेपर. एकेक कागद बघून ती बाजूला ठेवत गेली. शेवटी नुसती पिशवी हातात राहिली, तरी तिनं आत डोकावून बघितलं.

"कल्चरचा रिपोर्ट कुठं आहे?"

समोर दोघं बसली होती. जयवंताचा नवरा आबाजी, आणि जयवंताची मैत्रीण सुकन्या.

"कल्चर म्हंजी?" आबाजीनं विचारलं.

"जखमेतला पू तपासायला पाठवतात. त्यात कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधानं मरतो, ते त्या कागदावर येतं. केसपेपरवर लिहिलंय, पेशंटला घरी नेताना रिपोर्ट आला, नातेवाइकांना दिला. मग तो या पिशवीत का नाही?"

दोन महिन्यांपूर्वी जयवंता गेली. कन्हेरीत आप्पासाहेबांच्या मुक्त गोठ्यावर ती वासरं सांभाळायची. बोटाला काहीतरी खरचटल्याचं निमित्त झालं, हात कोपरापर्यंत सुजला आणि नवव्या दिवशी ती संपली. तिच्या जागी कामाला लागलेली तिची मुलगी संस्कृती आता बारामतीच्या या दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत पडली होती. वय एकोणीस. तेच बोट, तसाच ताप, आणि सूज मनगटाच्या वर चढलेली.

"मुलीचा पू मी पुण्याला पाठवलाय," उत्कर्षा म्हणाली. "उत्तर यायला तीन-चार दिवस लागतील. तोवर अंदाजानं औषध देतेय आणि ते लागू पडत नाहीये. आईचाच जंतू असणार हा. आईचा कागद मिळाला असता तर आज दुपारीच योग्य ते सुरू केलं असतं."

"तीन दिवस थांबलं तर न्हाय चालणार?" सुकन्यानं विचारलं.

"मी थांबेन हो. ती थांबेल का, ते सांगता येत नाही."

इंदापूरला दोनदा फोन झाला होता. तिथं पू-रक्त गोळा करून पुढं पाठवणारा माणूस दुकान गुंडाळून कुठंतरी निघून गेला होता. दवाखान्याकडं नक्कल नव्हती.

सुकन्या डॉक्टर नव्हती, पोलीस तर नव्हतीच. सांगवीजवळच्या एका खासगी शीतकरण केंद्रावर ती दूध तपासायची. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं जे काही शिकली ते खोक्यातल्या माहितीपत्रकांवरून, शेजारी डिक्शनरी ठेवून. कुणी पाणी घातलं, कुणी पावडर घातली, कुणी कालचं दूध आजचं म्हणून आणलं, हे तिला झाकण उघडल्या उघडल्या कळायचं. मग समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचं आणि त्यानं स्वतःहून कबूल होईपर्यंत गप्प बसायचं, अशी तिची पद्धत. नवरा म्हणायचा, तुला फसवायचं तर माणसानं आधी मरायलाच पाहिजे. तो बिचारा तेही करून गेला.

तिनं केसपेपर ओढून घेतला. सगळ्या पानांना एक पिन मारलेली होती. पिनेखाली कागदाचा इवलासा तिकोनी तुकडा अडकून राहिला होता. बाकीची पानं पिवळट, खरखरीत. हा तुकडा पांढराशुभ्र आणि गुळगुळीत.

"डॉक्टर, कागद हरवला न्हाय," सुकन्या म्हणाली. "कुणीतरी फाडून नेलाय."

२

दवाखान्याबाहेरच्या टपरीवर आबाजीनं चहा घेतला खरा, पण प्यायला नाही. पेला दोन्ही हातांत धरून बसला, थंडीत धरावा तसा.

आबाजीचा बाप इंदापूर तालुक्याच्या पूर्वेकडं मेंढरं राखायचा. मेंढरं कधीच विकली. आता नवरा-बायको आप्पासाहेबांकडं. आबाजी चारा कुट्टीला, जयवंता वासरांकडं. तिचा हात लागला की आईवेगळं कोकरू दूध पितं, अशी तिची लहानपणापासून ख्याती. ती वासरांना उपयोगी पडली.

"दाजी, ही पिशवी कुठं असायची?"

"खोलीत. खिळ्याला."

"कुणीकुणी उघडली?"

"दहाव्याला आप्पासाहेब आलतं. चष्मा लावून समदे कागद बघितले त्यांनी. तेराव्याला दीपक डाक्टर आला. वैनीला काय झालतं बघू म्हणला. त्येनं बी बघितले."

दीपक म्हणजे गुरांना इंजेक्शनं देत फिरणारा. पदवीचा डॉक्टर नव्हे, पण पाच-सहा गावांत त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे, कारण बोलावलं की यायचा तोच.

"आणि तुमी?"

"मला काय वाचता येतंय, ताई?"

"फाडायला वाचता यावं लागत न्हाय."

आबाजीनं मान वर केली. दुखावलेला दिसला. सुकन्यानं डोळे काढले नाहीत.

"इंदापूरच्या डॉक्टरांनी तिला सोडली नव्हती. केसपेपरवर तुमचा अंगठा हाय, स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून. का आणलीत घरी?"

"तिचीच इच्छा व्हती," तो पेल्यात बघत म्हणाला.

पाणी घातलेलं होतं. पण किती, ते सुकन्याला कळेना.

ती संस्कृतीकडं गेली. पोरीचा उजवा हात उशीवर ठेवला होता आणि तो तिचा वाटतच नव्हता. फुगलेला, चकाकणारा. तोंड मात्र जयवंताचंच. हसली की एका गालानं हसायची.

"मावशी, माझी वासरं कोण बघतंय?"

"आधी तू बरी हो. वासरं कुठं पळून जात न्हाईत."

"पळून न्हाय, मरून जात्यात. आई होती तवापास्नं हगवणीनं मरायला लागलीत. आईचं तेरावं झालं आन् दहा-बारा दिवस एक सुदिक मेलं न्हाय. म्हणलं, आईच वरनं बघतीय. मग परत सुरू झालं." तिनं डोळे मिटले. "कटाळली आसंल. जित्ती असताना तरी कुठं सुट्टी मिळत व्हती."

सुकन्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तव्याला लागल्यासारखा उचलला.

३

आप्पासाहेब कन्हेरीत, गोठ्याच्या पायरीवरच उभे होते. पांढरे कपडे, पायात गमबूट.

"माझ्यावर संशय घ्यायला आलाय व्हय, ताई?"

"न्हाय. चहा घ्यायला आले. संशयाचं चहा पिऊन झाल्यावर बघू."

ते हसले, पण खुर्ची पुढं केली. परदेशी जातीच्या ऐंशी एचएफ गाई, स्वच्छ गोठा, पंखे, फवारे. दुधाच्या बाबतीत आप्पासाहेबांनी कधी फसवलं नव्हतं. सुकन्याच्या हिशेबी ही मोठी गोष्ट होती.

"कागद बघितला मी," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? जयवंता माझ्या गोठ्यावर राबली. तिला काय झालतं ते मला कळाया नको? पण त्यात काय, समदं इंग्रजी. उजवीकडं नुसतं आर, आर, आर, आर. खाली कुठंतरी एक एस. मला वाटलं नापासाचा निकालच हाय. होता तसा पिशवीत ठिवला."

"तो कागद बाहेर आला असता तर लोक म्हणाले असते, गोठ्यातनंच रोग लागला."

"म्हणू द्यात की. म्हणत्यातच." त्यांचा आवाज चढला, मग खाली आला. "आन् मला दाबायचाच असता तर फाडत कशाला बसलो असतो? आबाजी, पिशवी दे रं, म्हणलं असतं. त्येनं दिली असती."

हे खरं होतं. मालकानं मागितल्यावर आबाजीनं नवरीसकट पिशवी दिली असती. एकच पान हळूच काढून बाकीची पिशवी जिथल्या तिथं ठेवणाऱ्याला काही लपवायचं नव्हतं. त्याला ते एकच पान हवं होतं.

"वासरं दाखवा," सुकन्या म्हणाली.

वासरांचे पिंजरे मागच्या अंगाला होते. पहिल्याच पिंजऱ्याशी नकोशी बसली होती. संस्कृतीच्या जागी चार दिवसांपूर्वी आलेली, पस्तिशीची, अबोल बाई. चार दिवसांच्या वासराला बादलीतून प्यायला शिकवणं चाललं होतं. वासराला बादली कळत नाही, त्याला सड हवा असतो. म्हणून दोन बोटं दुधात बुडवायची, वासराच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की बोटांसकट त्याचं तोंड हळूहळू दुधात न्यायचं. जयवंता असंच करायची. कोकरांनाही असंच. वासराचे कोवळे दात बोटाला लागतात, कधी साल निघते. त्याला कोण जखम म्हणतं?

नकोशीच्या शेजारी कॅन होता. त्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली होती.

ती गाठ सुकन्याची स्वतःची होती.

गाईच्या कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट झाली, की इंजेक्शनं देतात. पुढं काही दिवस ते औषध दुधात उतरतं. केंद्रावर सुकन्या दुधात पट्टी बुडवायची. रेघ उमटली नाही, की दूध नापास. कडीला लाल चिंधी बांधून कॅन परत.

"हे परत आलेलं दूध वासरांना घालता?"

"मग? दूध का कुणी वततंय?" नकोशी पहिल्यांदाच बोलली.

"तुमीच सांगितलं की, ताई," आप्पासाहेब म्हणाले. "इसरलात व्हय? दीड वर्स झालं. तुमच्या केंद्रावर गटारात वतत होतो, तर तुमी माझा हात धरला. म्हणलात, आप्पासाहेब, वासरांच्या तोंडात घाला, पुण्य लागंल."

सुकन्याला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. त्या दिवशी जयवंता ट्रॅक्टरवर बसून कॅन घेऊन आली होती, आणि तिनं सुकन्याकडं बघून मान डोलावली होती.

ती पिंजऱ्याच्या गजाला धरून उभी राहिली. दीड वर्ष. रोज, दोन्ही वेळ, दुधातून चमचा-चमचा औषध. तेवढ्यानं जंतू मरत नाहीत. कच्चे असतात ते मरतात आणि पक्के असतात ते उरतात, वाढतात. वासरांच्या पोटात दीड वर्ष त्यांची तालीम चालली होती. तिथून वासराच्या तोंडात. तोंडातून बोटात. म्हणून तर दगडीच्या गाईंना हात लावणाऱ्यांपैकी कुणी आजारी पडलं नाही. पडल्या त्या वासरांना जीव लावणाऱ्या दोघी.

"ओता ते," ती म्हणाली. "आजपासून सगळं ओता. नकोशीबाई, हात दाखवा."

नकोशीनं दोन्ही हात पुढं केले. बोटं धड होती. सुकन्यानं तिला तिथंच साबण लावून घासायला लावलं आणि तोंड फिरवलं, कारण तिला रडायला वेळ नव्हता.

तोंड फिरवलं म्हणून तिला पिंजऱ्यांमागचा ढीग दिसला. वापरलेल्या बाटल्यांचा. तिनं काठीनं तो उकरला. तळाला सगळा बाजार होता: मोठ्या बाटल्या, लहान, तपकिरी, पांढऱ्या, आठ-दहा जातींची औषधं. वरच्या थरात एकाच जातीची, बोटाएवढी बाटली. पन्नास तरी असतील. गुरांच्या औषधाच्या बाटल्या एवढ्याशा नसतात. तिनं एक पुसून वाचली. अमिकासिन. माणसांचं औषध.

दीड वर्ष अंदाजानं दहा औषधं मारणाऱ्या माणसाला एकाएकी एकाच औषधाची एवढी खात्री कुणी दिली?

४

लोणी भापकरला दीपकच्या घरासमोर दोघंजण आधीच उभे होते. एकाची शेळी अडली होती, दुसऱ्याची गाय गाभण न राहता उलटत होती. दीपक चाळिशीचा, डोळ्यांखाली काळा. सुकन्याला बघून त्यानं खुर्ची पुसली.

"बसा ताई. आज दूध सोडून माझ्याकडं?"

"तुमची पट्टी बघायला आले, डॉक्टर."

तिनं ती छोटी बाटली टेबलावर ठेवली.

"ही कधीपासून वापरता?"

"झालं की दोन महिनं."

"जयवंताच्या तेराव्यानंतर."

दीपकनं बाटली उचलून परत ठेवली. सुकन्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बाहेर शेळी ओरडत होती.

"वासरांची हगवण आणि जयवंताचा हात, जंतू एकच, हे तुमी ओळखलंत," शेवटी तीच म्हणाली. "अख्ख्या तालुक्यात तुमी एकट्यानं ओळखलंत. हुशारीच म्हणायची. आप्पासाहेबांना कागदावर निकाल दिसला. तुमाला दिसलं औषध. आर म्हणजे जंतू मरत न्हाय, एस म्हणजे मरतो. सगळी नापास, एकच पास. कागद कुठं हाय?"

दीपक उठला, मोटारसायकलची डिकी उघडली आणि कागद घेऊन आला. एका कोपऱ्याचा तुकडा गेलेला होता. पण बाकी कागद झकास होता, कारण दीपकनं तो लॅमिनेट करून घेतला होता.

"भिजू नये म्हणून," तो म्हणाला. "एवढा उपेगाचा कागद म्या जन्मात बघितला न्हाय, ताई. पाच गोठ्यांत वापरला. कन्हेरीला तर एका रातीत वासरं उभी राहिली. आप्पासाहेब माझ्या पाया पडायचे राहिले."

"मागून का न्हाय नेला?"

"दुखवट्याच्या घरात कसं मागायचं? आन् गेलेल्या माणसाला कागद कशाला लागतोय?"

"पोरगी आजारी हाय, माहीत होतं तुमाला."

"व्हय की. पण दवाखान्यात केवढ्या मशिनी असत्यात! त्यांना माझा कागद लागंल असं कुठं वाटलं?"

माझा कागद, म्हणाला तो. सुकन्यानं त्याच्याशी भांडायचं ठरवलं होतं. पण त्याचे हात बघितले, चिरलेले, दहा वर्षं लोकांच्या गुरांत घातलेले, आणि भांडायचं राहून गेलं. तिनं तिथूनच कागदाचा फोटो डॉक्टर उत्कर्षाला पाठवला. मिनिटभरात फोन आला.

"सापडला? अहो, कमाल केलीत! एक औषध उरलंय. आत्ता सुरू करते."

सुकन्याला वाटलं आपले पाय हलके झालेत. ती स्कूटीवर बसली. मागून दीपकनं हाक मारली.

"ताई, न्या तुमी कागद. मला आता त्याचा उपेग बी न्हाय."

"का?"

पण शेळीवाला त्याचा हात ओढत होता आणि दीपक आत गेला.

दोन-तीन किलोमीटर ती खुशीत गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, समोर कारखान्याची ट्रॉली. ट्रॉली ओलांडता ओलांडता तिला संस्कृतीचं बोलणं आठवलं. दहा-बारा दिवस एक सुदिक मेलं न्हाय. मग परत सुरू झालं.

तिनं स्कूटी उसाच्या कडेला घेतली आणि उतरून उभी राहिली.

वासरं वाचली ती आईच्या पुण्याईनं नव्हे. ती या बाटलीनं वाचली. आणि परत मरायला लागली ती आई कंटाळली म्हणून नव्हे. बाटली तर रोज चालूच होती, ढीग वाढतच होता. औषध चालू असून वासरं मरत होती. म्हणजे जंतू तेही शिकला होता. जयवंताच्या बोटात जो शिरला, त्याला एका औषधाचं तरी भय होतं. संस्कृतीच्या बोटात शिरला तो त्यानंतरचा.

कागद खरा होता. पण तो दोन महिन्यांपूर्वीच्या जंतूचा होता.

५

उत्कर्षानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. तिशीची असेल नसेल. त्या दुपारी जरा जास्त वाटली.

"तुमचं चुकत असेल," ती म्हणाली.

"देवा शपथ, चुकायलाच पाहिजे."

चुकलं नव्हतं. ताप तसूभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून संस्कृतीचा स्वतःचा रिपोर्ट आला, लागायचा त्यापेक्षा लवकर. उजवीकडं आर, आर, आर. आणि सगळ्यात खाली, जिथं आईच्या कागदावर एस होता, तिथंही आर.

"आता कुठलं औषध?" आबाजीनं विचारलं.

"औषध नाही," उत्कर्षा म्हणाली. "हात काढावा लागेल. कोपराच्या वरून. आजच. जंतू रक्तात किती पसरलाय यावर पुढचं."

आबाजी भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्या खाली बसला.

"इंदापुरात बी हेच म्हणलं होतं," तो म्हणाला. कुणाला सांगत होता कळेना. "जयवंताचा हात तोडू म्हणलं. ती न्हाय म्हणली. मी बी न्हाय म्हणलो. एका हाताच्या बाईला कामाला कोण ठेवतंय? मग दिला अंगठा आन् आणली घरी."

सुकन्याला पाण्याचं माप कळलं. तिला ते कळून नको होतं.

"डाक्टरीणबाई, तवा तोडला असता तर?"

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, आबा."

"सांगू बी नका," तो म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढं केला.

संस्कृतीला सुकन्यानं सांगितलं. पोरीनं उशीवरच्या त्या परक्या हाताकडं बराच वेळ बघितलं.

"उजवाच का?" ती म्हणाली. मग एका गालानं हसायचा प्रयत्न केला. "डाव्यानं बी जमंल म्हणा. डावा रिकामाच असतोय तसा."

६

हात गेला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आबाजीनं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटायचे म्हटले, नर्सनं आत पेढे आणू दिले नाहीत. उत्कर्षा मात्र दर दोन तासांनी येऊन तक्ता बघत होती.

सुकन्याच्या डोक्यात सगळा गुन्हा आता नीट मांडलेला होता. कागद दीपकनं नेला, चांगल्या बुद्धीनं. त्यावरचं शेवटचं औषध वासरांवर संपवलं, तेही चांगल्या बुद्धीनं. आप्पासाहेबांनी दूध वाया घालवलं नाही. आबाजीनं बायकोचा हात वाचवला. तक्रार करायची तर ठाण्यात जाऊन काय लिहून द्यायचं? आणि पहिलं नाव कुणाचं लिहायचं, ते तिला ठाऊक होतं. फक्त ते ठाण्यात सांगायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती खाटेशेजारी बसली. संस्कृती डाव्या हातानं पाणी पीत होती, निम्मं गळ्यावर सांडत.

"संस्कृती, वासरांना ते परत आलेलं दूध घालायला मी सांगितलं होतं."

पोरीनं पेला खाली ठेवला.

"त्या दुधातनंच हे सुरू झालं. तुझ्या आईचं. तुझं. मला माहीत नव्हतं. पण सांगितलं मीच. मला वाटलं, दूध कसं ओतायचं."

खिडकीखालून कुणाची तरी गाडी मागं येत होती, तिचं पीं-पीं कितीतरी वेळ चाललं होतं.

"आई होती तितं?"

"होती."

"काय म्हणली?"

"काही म्हणाली न्हाय. मान डोलावली. तिला आवडलं होतं."

"आवडणारच," संस्कृती म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडं केलं. पट्टी बांधलेला दंड चादरीखाली आपोआप हलला, जणू डोळे पुसायला निघाला होता आणि मग त्याला आठवलं.

"जावा आता, मावशी."

"उद्या येते."

"उद्या नका येऊ." सुकन्या दारापर्यंत पोचली होती. "परवा या."

रविवारी सुकन्यानं केंद्रावर सगळे कॅन तपासले, संध्याकाळी घरी आली, आणि जायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळं गेली नाही. तिनं आयुष्यात पाळलेली ही सगळ्यात अवघड गोष्ट असेल. सोमवारी सकाळी मऊ भात, वर तूप, असा डबा घेऊन ती दवाखान्यात पोचली. डाव्या हातानं खायला सोपं जावं म्हणून भाताचे लहान लहान गोळे करून आणले होते.

आबाजी पायरीवर बसला होता. शेजारी आप्पासाहेबांची जीप उभी होती आणि आप्पासाहेब तिच्याआड, तोंडाला रुमाल लावून. सुकन्यानं विचारलं नाही. आबाजीनंच सांगितलं, जमिनीकडं बघत.

"पहाटं गेली. काल सांजच्याला ताप परत चढला, मग उतरलाच न्हाय. मी म्हणलं, सुकन्याताईला फोन लावतो. लय येळा म्हणलं." त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "तर म्हणली, नगं आबा. त्यांना म्या उद्याच बोलावलंय."